पावणेतीन लिटर

आईच्या चहात भिंतीचा पोपडा पडला, तिथून हे सगळं सुरू झालं. पडला तोही इतका बेतानं, की आधी आईला तो बिस्किटाचा तुकडाच वाटला. तिनं तो चमच्यानं काढला, उजेडात धरला आणि म्हणाली, "मोरपिशी आहे." मोरपिशी रंगाचं बिस्कीट आमच्याकडे येत नाही. सगळ्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

कारण ती भिंत अकरा वर्षांपूर्वी मी निवडली होती. तीन भिंती फिक्या आणि एक गडद, अशी तेव्हा टूम होती. येणारा-जाणारा तिच्याकडे बघून "वा, वेगळी आहे हं," म्हणायचा. 'वेगळी' हा शब्द पुण्यात कौतुकासाठी वापरत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवाळ्या गेल्या.

"मधली खोली रंगवून घेऊ या," बायको म्हणाली. "बदामी. चारही भिंती. किती रंग लागेल हो?"

मी गणित घेऊन बी. एस्सी. झालो त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या घराला त्या पदवीचा उपयोग व्हावा अशी ही पहिलीच वेळ होती. मी कागद आणि पेन्सिल घेतली.

चार भिंतींचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी अधिक रुंदी, गुणिले उंची, गुणिले दोन. हे सूत्र शाळेपासून पाठ आहे. पण शाळेच्या पुस्तकातल्या खोल्या फार गुणी असत. एक दार, दोन खिडक्या, आणि रंगाचा दर चौरस मीटरला अमुक रुपये. त्या खोल्यांत कोणी राहत नसे. कॅलेंडरचा खिळा नसे, स्विचबोर्डाभोवतीचा काळा हात नसे, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची ओल नसे. भागाकाराला बाकी उरत नसे. आणि रंग कमी पडला म्हणून उदाहरणातला तो 'एक मनुष्य' पायात चप्पल सरकवून पुन्हा दुकानात गेल्याचं मला तरी आठवत नाही.

आमची खोली बारा बाय दहाची. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधे आहे म्हणून मधली, आणि तिच्यातून गेल्याशिवाय घरात कोणालाच कुठे जाता येत नाही. म्हणून तिला दारं दोन, पश्चिमेला एक खिडकी, आणि एका भिंतीला आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट. मोजायला सुरुवात केली. टेपचं एक टोक बायकोच्या हातात, दुसरं माझ्या. नवरा-बायकोनं एकमेकांपासून बारा फुटांवर उभं राहून एका आकड्यावर एकमत करायचं, हे लग्नात कुठल्याच विधीत करून घेत नाहीत, घ्यायला हवं. तिचा आकडा बारा फूट एक इंच, माझा अकरा फूट अकरा. मधे टेपला पोट सुटलं होतं. "ताण जरा," मी म्हणालो. "तुम्हीच ताणताय," ती म्हणाली. शेवटी बारा धरले. उंचीसाठी मी स्टुलावर चढलो. वर टेकवलेलं टोक तीनदा सुटून अंगावर आलं आणि चौथ्या खेपेला साडेनऊ भरले.

दोन गुणिले बावीस गुणिले साडेनऊ, म्हणजे ४१८ चौरस फूट. दोन दारं प्रत्येकी २१ आणि खिडकी २० वजा केली, की उरले ३५६. छत पांढरंच राहणार होतं, ते वेगळं. मग माझी नजर कपाटावर गेली. चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच. २६ चौरस फूट भिंत त्याच्यामागे अशी आहे की ती कोणी बघत नाही. अकरा वर्षांपूर्वीही आम्ही कपाट हलवलं नव्हतं. मी तेही वजा केलं. ३३०. चांगल्या इमल्शनचा एक लिटर गुळगुळीत भिंतीवर दोन हात धरून साधारण १२० चौरस फूट जातो. भागाकार केला आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या: पावणेतीन लिटर.

"कपाट हलवायचं," आई म्हणाली. "मागे काय काय झालंय देव जाणे."

"आई, ते चार माणसांचं काम आहे."

"मग चार माणसं आण."

मी पावणेतीनच ठेवले. आईच्या पिढीला अंदाज या गोष्टीचा अनुभवच नव्हता, हे माझं मत. तिच्या माहेरी चुना असे. चुनकळी पिंपात भिजत घालायची, ती खदखदली की लांब उभं राहायचं, मग डिंक आणि नीळ घालून कुंच्यानं भिंतीला फासायचा. "किती भिजवायचात?" मी विचारलं. "संपला की आणखी भिजवायचा," ती म्हणाली. गणिताच्या दृष्टीनं हे उत्तर अगदीच निरुपयोगी आहे, पण त्यात चूक काढता येत नाही.

या विषयात आपल्याकडे परंपराच नाही म्हणावं, तर तसंही नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली. त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. त्या लीलावतीत धान्याची रास मोजायची कशी हे आहे, खड्ड्यातली माती किती, विटांच्या रचलेल्या थराचं घनफळ किती, करवतीनं लाकूड कापणाऱ्याचं माप कसं काढायचं, हे सगळं आहे. म्हणजे घर बांधायची तयारी पूर्ण. रंगाचा मात्र अध्याय नाही. मला वाटतं, तेव्हा भिंती सारवत असत म्हणून. शेण कमी पडलं तर गोठ्यात जायचं, बोहरी आळीतल्या रंगाच्या दुकानात नाही.

दुसरा अंदाज आमच्या सासऱ्यांचा. अण्णा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाले त्याला चौदा वर्षं झाली, पण खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांच्यासमोर 'खोली' म्हटलं की ते "अंदाजपत्रक की प्रत्यक्ष मोजमाप?" असं विचारतात. माझा कागद त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि तो हळूच टेबलावर ठेवला, नापास मुलाची उत्तरपत्रिका ठेवावी तसा.

"जावईबापू, ही वजावट कुठल्या नियमानं केलीत?"

"दार आहे ना तिथे. दाराच्या जागी भिंत नाही, मग तिथे रंग कशाला लागेल?"

"तसं नसतं," अण्णा म्हणाले, आणि पुढचा पाऊण तास ते कसं असतं हे सांगितलं. उघडी जागा अर्ध्या चौरस मीटरपेक्षा लहान असेल तर वजावट नाहीच. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच काम असेल, तर वजावट एकाच बाजूची. कारण दाराच्या आतल्या कडा, चौकटीच्या बगला यांना रंग लागतोच, त्या वेगळ्या मोजत बसायच्या नाहीत. आमचं दार दोन चौरस मीटरच्या आतबाहेर. म्हणजे एकाच बाजूची.

"कुठल्या बाजूची? या खोलीतून की स्वयंपाकघरातून?"

अण्णा थांबले. चौतीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण सरकार दोन्ही खोल्या एकदमच रंगवतं. बऱ्याच विचारानंतर त्यांनी वजावट स्वयंपाकघराकडे ढकलली. खिडकीची बाहेरच्या बाजूला दिली, म्हणजे सोसायटीच्या खात्यावर. शिवाय दारं ऑइल पेंटनं रंगवायची असतील तर पॅनेलच्या दाराचं सपाट क्षेत्रफळ प्रत्येक बाजूला १.३ नं गुणायचं असतं, पन्हाळीच्या पत्र्याला १.१४ नं, हेही मला कळलं. आमच्याकडे पन्हाळीचा पत्रा नाही. पण एखाद्याला एवढं पाठ असेल तर ते कधीतरी सांगावंसं वाटणारच.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. मोजमापं पक्क्या शाईनं, तारीखवार लिहायची. मेजरमेंट बुकात खोडरबर चालत नाही. चूक झाली तर एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. "खाडाखोड गुन्हा नाही," अण्णा म्हणाले, "सही नसलेली खाडाखोड गुन्हा आहे." मग त्यांनी ४१८ ला १२० नं भागलं, पाच टक्के घट धरली आणि ३.६६ लिटर हा आकडा शाईनं लिहून खाली सही केली.

तिसरा अंदाज पेंटरमामांचा. मामा आले ते दसऱ्याच्या दोन दिवस आधी, आणि आमचे दोन्ही कागद त्यांनी चहाच्या कपाखाली घेतले. ते भिंतीजवळ गेले. तळहात सावकाश भिंतीवरून फिरवला, वैद्य पोट तपासतो तसा. बोटाच्या पेरानं टकटक केलं. एका जागी आवाज खणखणीत आला, दुसऱ्या जागी भद्द. मग तर्जनी पांढऱ्या भिंतीवर घासून माझ्यासमोर धरली. बोट पांढरं झालं होतं.

"साहेब, पिणारी भिंत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पिणार."

मामांचं माप ब्रासमध्ये. वाळूवाल्याचा ब्रास शंभर घनफुटांचा, यांचा शंभर चौरस फुटांचा. छतासकट साडेपाच ब्रास, ते म्हणाले. त्यांनी टेप खिशातून काढलीच नव्हती. मी घाईघाईनं हिशेब केला, तर ४१८ अधिक छताचे १२०, म्हणजे ५३८. बारा फूट अंतरावरून बायकोशी भांडून मी जे मिळवलं होतं, ते मामांनी दारात उभं राहून एका डोळ्यानं मोजलं होतं.

"यात दारं-खिडक्या वजा करायच्या ना?"

"दाराची कड कापायला सपाट भिंतीच्या दुप्पट वेळ जातो. वजा कशाला करता? खरं तर जास्त लावायला पायजे."

"आणि दार रंगवायचं वेगळं?"

"ते वेगळंच ना साहेब. ते दार आहे."

अण्णांनी मान डोलावली. एकमेकांना न भेटलेले दोन पंथ एकाच सत्यापाशी पोचल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"मग रंग किती आणू?"

"दहाचा डबा आणा. उरला तर उरला."

इथे मला शंका आली. काही डब्यांत पेंटर लोकांसाठी टोकन निघतं, हे मी ऐकून होतो. पावणेतीन, ३.६६ आणि दहा. तिघांच्या आकड्यांत माझा सर्वांत लहान आणि मामांचा सर्वांत मोठा, आणि पैसे माझे. बँकेतला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. तिसऱ्या पक्षाचं मत घ्यायला बोहरी आळी गाठली.

बोहरी आळीत गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात एका भिंतीचा पहिला हात मारून होतो. दुकानात गिऱ्हाइकं दाटीनं उभी. मागच्या भिंतीवर एका जुन्या पत्र्यावर अजून गट्टू होता, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला तो झिपऱ्या केसांचा रंगारी पोरगा. मी त्याच्याकडे जरा आशेनं पाहिलं. घर केवढंही असो, गट्टू निघतो एक ब्रश आणि एक डबा घेऊन. त्याला कोणी अंदाज विचारत नसावं.

"कार्पेट किती?" दुकानदारानं विचारलं.

"एकच खोली आहे. एकशेवीस."

त्यानं कॅल्क्युलेटर उचललाही नाही. "गुणिले साडेतीन. छत, भिंती, सगळं त्यात आलं." मग त्यानं मनातल्या मनात गुणाकार केला आणि मी माझ्या मनात. आम्हा दोघांचं उत्तर एकच आलं: ४२०.

हा आकडा ऐकून दुकानातली आणखी दोन गिऱ्हाइकं वळली. वास्तविक फसवणुकीचं ते कलम १ जुलै २०२४ पासून राहिलेलं नाही, नव्या संहितेत त्याचं ३१८ झालं आहे. पण सवयी अशा एका अधिसूचनेनं जात नाहीत. कोणी उद्या एखाद्याला 'अगदी तीनशेअठरा माणूस आहे' म्हणालं, तर तो त्याचा फ्लॅट नंबर वाटेल.

"पण आमच्या नुसत्या चार भिंती ४१८ आहेत," मी म्हणालो. "तुमच्या हिशेबात छत दोन फुटांचं उरतं."

"साहेब, तो अख्ख्या फ्लॅटचा हिशेब आहे. सरासरी बसते."

घरी येताना सिग्नलला मी यावर विचार केला आणि दुकानदार खरं बोलत होता असं निघालं. बारा बाय दहाच्या खोलीला भिंतीची एकूण लांबी ४४ फूट. तीच खोली दोन्ही बाजूंनी दुप्पट केली, तर जमीन चौपट होते, भिंती मात्र दुप्पटच. म्हणजे जितकी खोली लहान, तितकी जमिनीच्या मानानं भिंत जास्त. वन रूम किचनमध्ये राहिलेल्या कोणालाही हे गणिताशिवाय माहीत असतं.

दुकानात मात्र प्रश्न डब्याचा होता. ४२० ला १२० नं भागलं तर साडेतीन, पण साडेतीन लिटरचा डबा मिळत नाही. एकचा मिळतो, चारचा, दहाचा, वीसचा. चारचा डबा घेणं स्वस्तही पडत होतं. मी मामांचे दहा, अण्णांचे ३.६६ आणि माझे पावणेतीन यांच्यातून चारवर तडजोड केली आणि त्या तडजोडीवर खूश झालो. दुकानदारानं डब्याचं झाकण उघडून यंत्राखाली धरलं. पांढऱ्या बेसमध्ये पिवळ्याची एक धार, तांबड्याची एक पिचकारी आणि काळ्याचे चारदोन थेंब पडले. एवढ्यानं बदामी होतो. मग डबा दुसऱ्या यंत्रात घालून ताप भरल्यासारखा गदागदा हलवला.

"उरला तर परत घ्याल ना?"

त्यानं प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "रंग मिसळलेला डबा परत कोण घेणार साहेब? तुमचा बदामी दुसऱ्याला कशाला?" मामांनी 'उरला तर उरला' म्हटलं होतं, त्याचा अर्थ मला आता लागला.

काम सुरू झालं. खरवडण्यात एक दिवस गेला. मोरपिशी भिंतीनं जाताना तिच्याखालचा गुलाबी, त्याच्याखालचा पिस्ता असे थर दाखवले. मग पुट्टी. चाळीस किलोचं पोतं आणलं होतं. एका किलोत दोन हात धरून दहा ते पंधरा चौरस फूट जातात, त्यामुळे तेवढं लागलंच. घरातला हा एकच अंदाज बरोबर आला, आणि तो कोणीच केला नव्हता, दुकानदारानं परस्पर पोतं गाडीत टाकलं होतं. मग पॉलिश पेपरनं घासाई. ती कोणी केली की त्या घरातल्या तूरडाळीच्या बंद डब्यात पांढरी पूड कशी जाते, यावर कोणीतरी पीएच. डी. करायला हवी. आठ दिवस आम्ही सगळे कीर्तनाला निघाल्यासारखे दिसत होतो.

मामांनी डबा उघडला. टोकन निघालं. ते त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर खिशात घातलं, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. मग बादलीत रंग ओतून त्यात मगानं पाणी घातलं. किती पाणी, हाही अंदाजच. एक मग घातला, काठीनं ढवळलं, काठी वर धरली आणि धार पाहिली. पुन्हा अर्धा मग. पाणी वाढवलं की रंग पुरतो, पण मग तो झाकत नाही, मामा म्हणाले. आमच्या शाखेत पाहुणे वाढल्यावर चहाचं जे होतं ते.

दुपारी मामा डबा खाऊन आडवे झाले, तेव्हा मी एक नसता हिशेब केला. एक लिटर म्हणजे हजार घन सेंटीमीटर. १२० चौरस फूट म्हणजे साधारण एक लाख अकरा हजार चौरस सेंटीमीटर. भागलं तर जाडी येते मिलिमीटरच्या अकराव्या हिश्शाएवढी. ही दोन्ही हातांची मिळून, ओली असताना. वाळल्यावर आणखी कमी. झेरॉक्सच्या कागदाची जाडी याहून कांकणभर जास्तच भरेल. एवढ्याशा कागदानं मी माझं अकरा वर्षांचं मोरपिशी झाकायला निघालो होतो.

ते झाकलं गेलं नाहीच. इतर तीन भिंती दोन हातांत बदामी झाल्या. चौथी पुट्टीत आणि प्रायमरमध्ये पुरली होती, तरी जिथे खरवडताना मोरपिशी हट्टानं राहिला होता तिथून तो हिरवट निळसर वर आला, मार लागल्यावर येतो तसा. मामांनी काही न बोलता तिसऱ्या हाताची तयारी केली. शिवाय माळ्याच्या खालची बाजू कोणीच धरली नव्हती. मी, अण्णा आणि सरकार, कोणीच नाही. शिवाय रोलर स्वतःच पावशेर पितो. शिवाय भिंत पिणारी. शनिवारी दुपारी चार वाजता मामांनी डबा उपडा धरून ब्रशनं पुसून घेतला आणि म्हणाले, "साहेब, संपला. कपाटामागचं राहिलं."

"कपाटामागे कोण बघतंय?" मी म्हणालो.

"मी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

चार माणसं आली: मामा, त्यांचा पोऱ्या, समोरच्या फ्लॅटमधला इंजिनिअरिंगचा मुलगा आणि मी. अण्णांनी सूचना दिल्या. कपाट अर्धा फूट सरकलं, मग एक फूट, मग खालच्या फरशीचा एक कोपरा घेऊन बाहेर आलं.

मागे आमची १९८६ सालची भिंत होती. बिल्डरनं दिलेली, नीळ घातलेल्या चुन्याची, कपाटाच्या मापात कापल्यासारखी साडेसहा बाय चार. तिच्यावर कोळिष्टकं, एक हरवलेला क्रोशाचा हूक, आणि छातीच्या उंचीवर पेन्सिलीनं लिहिलेलं काहीतरी. बाबांचं अक्षर. त्यांचा नऊ विमानाच्या शेपटासारखा वळायचा.

२ × (१२ + १०) × ९॥ = ४१८
छत १२०
एकूण ५३८
डिस्टेंपर ८ किलो

त्यातला आठ खोडून वर दहा केलेला. आणि त्याच्याखाली, जरा तिरकं, घाईत लिहिल्यासारखं:

कमी पडला. + २
२३-१०-९४

दारं, खिडकी काहीही वजा केलेलं नव्हतं. बाबांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं.

मामा ब्रश घेऊन आले होते, ते तसेच उभे राहिले. बायको माझ्या हातातला पावणेतीनवाला कागद बघत होती. तो मी नेमका तेव्हाच का बाहेर काढला होता कोण जाणे, बहुधा घाम पुसायला.

"हे राहू दे," आई म्हणाली. "बाकीचं रंगवा. एवढं चौकोनी सोडा."

मामांनी बोटानं हवेत चौकट काढली. "फूट-दीड फूट. त्याची मजुरी वजा करू का साहेब?"

"वजावट नाही," अण्णा म्हणाले. "अर्ध्या चौरस मीटरच्या आत आहे." मग ते भिंतीपाशी गेले, चष्मा वर केला आणि ओळीवर ओळ तपासू लागले. बोलणं त्यांना जड जात होतं हे दिसत होतं, पण चौतीस वर्षांचं वळण. "विहीणबाई, राग मानू नका. इथे आठाचे दहा केलेत. खाडाखोडीवर सही नाही."

खोलीत कोणी काही बोललं नाही. पंख्यावर घातलेलं वर्तमानपत्र तेवढं फडफडत होतं.

"त्या दिवशी कमी पडलेलं दोन किलो आणायला मीच गेले होते," आई म्हणाली. "हे वर घोड्यावर चढले होते, हात रंगाचे. ऐन दिवाळीच्या तोंडावर, पायी गेले, पायी आले." तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली, चष्मा नव्हता म्हणून भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली, आणि त्या खोडलेल्या आठाशेजारी सावकाश, बँकेच्या पासबुकावर करते तशी पूर्ण नावानं सही केली.

"तारीख आजची टाका," अण्णा म्हणाले.

तिनं टाकली. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली. "आता तू तुझं लिही. आणि लवकर जा, बोहरी आळी आठला बंद होते."